वेदनाशमन आणि जागरण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



भूल देण्याच्या व्यवसायात माझे आयुष्य गेले. आपल्या घरांतून मला वरचेवर एकच प्रश्न येतो : "आईच्या पाठीत मॉर्फीन देणार म्हणतात, त्यात धोका नाही ना?" त्याचे उत्तर आज देतो.

अफूवर्गातील औषधांना प्रतिसाद देणारी स्थाने मज्जारज्जूत असतात. औषध तेथेच पोहोचविले, तर अल्प मात्रेने दीर्घकाळ वेदना शमते आणि पायांतील शक्तीही जात नाही. १९७९ साली रुग्णांवरील असे अनुभव प्रसिद्ध झाले आणि ही पद्धत जगभर पसरली.

पहिला मार्ग म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सुईने एकदाच औषध सोडणे. सिझेरियननंतर येथे मॉर्फीन १०० ते १५० मायक्रोग्रॅम पुरते. एका कुपीत याच्या शंभरपट औषध असू शकते. म्हणून मोजताना अत्यंत सावध राहावे लागते. एकदा दिलेले औषध परत घेता येत नाही.

दुसरा मार्ग एपिड्यूरलचा. त्या द्रवाच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवतात. येथे मॉर्फीन २ ते ३ मिलिग्रॅम लागते; परंतु नळीतून ते थोडेथोडे देता येते, थांबविताही येते. मात्र नळी सरकून आतल्या द्रवात शिरली, तर तीच मात्रा घातक ठरते. जंतुसंसर्गाचे भय असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास कण्यात रक्त साकळून पाय लुळे पडण्याचा, दुर्मीळ का होईना, धोका असतो. ती गोळी डॉक्टरांपासून लपवू नये.

तिसरा मार्ग कातडीखाली बसविलेल्या पंपाचा. कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांना तोंडाने घेतलेल्या औषधांनीच आराम पडतो; पंप निवडक रुग्णांसाठी. तो भरताना औषध चुकून कातडीखाली सांडले, तर प्राणावर बेतते.

आता मुख्य मुद्दा. फेंटानिल लवकर शोषले जाते व लवकर ओसरते. मॉर्फीन त्या द्रवात रेंगाळते आणि हळूहळू मेंदूकडे चढते. त्यामुळे श्वास मंदावण्याचे संकट सुई टोचल्यावर लगेच नव्हे, तर सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा येते. असे एकदा मॉर्फीन दिल्यावर पहिले १२ तास दर तासाला आणि पुढचे १२ तास दर दोन तासांनी श्वास व शुद्ध तपासावी, असा अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेचा दंडक आहे.

एका रात्री एका मुलाने परिचारिकेला दारातूनच परतविले. "तीन रात्रींनी बाबांचा डोळा लागला आहे, उठवू नका," असे तो म्हणाला. तिला राहवले नाही. ती थोड्या वेळाने पुन्हा आली, तेव्हा श्वास मिनिटाला सहावर आला होता. नालोक्झोन देऊन आम्ही त्यांना सावरले. त्याचा परिणाम मॉर्फीनच्या आधी ओसरतो, म्हणून पहाटेपर्यंत जागलो. दोष मुलाचा नव्हता. पितृप्रेमानेच तो बोलला. ती झोप कशी ओळखावी, हे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते.

म्हणून उशाशी बसणाऱ्यांना माझी विनंती आहे. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, घोरत मध्येच श्वास थांबत असेल, तर तत्काळ परिचारिकेला बोलवा. घरची झोपेची गोळी देऊ नका. औषधाची कळ रुग्णाच्या हाती दिली असेल, तर ती त्यानेच दाबावी. मायेपोटीसुद्धा दुसऱ्याने दाबू नये. आणि रात्री लक्ष कोण ठेवणार, हे डॉक्टरांना आधीच, निःसंकोचपणे विचारा.

कोणता मार्ग सुरक्षित, असे मला विचाराल, तर जेथे रात्रभर कोणी जाणते माणूस जागे असते, तो सुरक्षित. वेदना निमूटपणे सोसण्यात पुण्य नाही. भयाने औषध नाकारू नका. औषध घ्या, परंतु जागरण सोडू नका.