अकीकाचा मणी
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सुरत येथे दिलेले व्याख्यान)



हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या या सुरत शहरात मी आज एका स्वस्त दगडाविषयी बोलणार आहे. तो दगड म्हणजे अकीक. भरुच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतून तो निघत आला आणि खंभातच्या कारागिरांनी त्याचे मणी घडविले. त्याच परिसरात, लोथल येथे, एस. आर. राव यांनी १९५५ पासून केलेल्या उत्खननात मणी घडविण्याची कार्यशाळा सापडली. म्हणजे ही विद्या ४,००० वर्षांहून जुनी. सिंधू संस्कृतीचे लांबट तांबडे मणी सुमेरमधील ऊर नगराच्या राजथडग्यांतही मिळाले आहेत.

या विद्येची साधने अगदी साधी. खाणीतला मातकट दगड उन्हात वाळवून, मडक्यात घालून, गोवऱ्यांच्या किंवा भुशाच्या मंद आचेवर भाजला, की त्यातील लोहामुळे त्याला तांबडा रंग चढतो. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या अणकुचीदार सळईवर तो टेकवतो आणि शिंगाच्या हातोडीने हलका ठोका देतो. नवल असे, की कपची ठोक्याच्या बाजूने न उडता सळईच्या टोकापाशी सुटते. पुढे कमानीने फिरणाऱ्या सामत्याने भोक पाडायचे. त्याच्या टोकाला हिऱ्याच्या दोन इवल्या कण्या असतात. पाण्याचे थेंब सोडीत दोन्ही बाजूंनी भोके पाडायची आणि ती मध्यभागी नेमकी भेटवायची. येथे मोजपट्टी नसते. बोटांना कळते तेवढेच खरे.

परंतु या सौंदर्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. अकीक ही गारेचीच जात. विजेवर फिरणाऱ्या सहाणेवर मणी घासताना तिची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुफ्फुसांत साचते आणि सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही. शिवाय क्षयाला वाट करून देतो. घासणी घरीच चालते तेथे बायकामुलेही तीच हवा घेतात. पाणी सोडून घासणे, धूळ ओढून घेणारे यंत्र बसविणे, हे उपाय ठाऊक आहेत. मात्र मण्याच्या तुटपुंज्या मजुरीत ते बसत नाहीत.

या ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकावर लेखकाचे नाव आहे. मण्यावर कारागिराचे नाव नसते. म्हणून अकीकाची माळ घेताना आपण भाव करण्याआधी एवढे तरी विचारावे, की हा मणी घासताना उडालेली धूळ कोणाच्या छातीत गेली?