ढेकूण कुणाचे : मालकाचे की भाडेकरूचे?



भाड्याच्या घरात सामान लागतं न लागतं तोच गादीच्या शिवणीत ढेकूण दिसतात, नाहीतर ओट्याखालचं कपाट उघडताच झुरळं सैरावैरा पळतात. मग वाद सुरू होतो : पेस्ट कंट्रोलचे पैसे कुणी द्यायचे? मालक म्हणतो, "आमच्या घरात एकही नव्हता, तुम्हीच सामानातून आणलेत." भाडेकरू म्हणतो, "आम्ही येण्याआधीपासूनच होते." ढेकूण काही साक्ष द्यायला येत नाही. तेव्हा कायदा काय म्हणतो ते पाहू.

आपल्याकडे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम आहे. त्याच्या कलम 14 प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जागा दुरुस्त आणि राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. मालक लक्ष देत नसेल तर भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची. वाजवी मुदतीत काम झालं नाही तर ते स्वतः करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. पण त्याला मर्यादा आहे : वर्षभरात वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त होता कामा नये. भाडं महिना 10,000 रुपये असेल तर वर्षाला जास्तीत जास्त 30,000.

मात्र या कलमात शब्द आहे दुरुस्तीचा. फवारणी म्हणजे दुरुस्ती का, यावर वकील तासभर भांडू शकतील. म्हणून आधी कीड कुठून येते ते बघावं.

वाळवी जमिनीतून येते, भिंतीवर मातीच्या नळ्या बांधत चढते आणि दाराची चौकट पोखरते. भाडेकरू कितीही टापटिपीचा असला तरी ती थांबत नाही. हे काम मालकाचंच. उंदीर-घुशींचंही बरंचसं तसंच. फुटका ड्रेनेज पाइप, जाळी नसलेली मोरी, भिंतीतलं भगदाड हे त्यांचे रस्ते, आणि ते बुजवणं ही उघड उघड दुरुस्ती आहे. घाण हाऊस गल्लीत किंवा सोसायटीच्या सामाईक गटारात असेल, तर सोसायटीकडे तक्रार मालकाने करायची, कारण सभासद तो आहे. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो, त्यामुळे हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. उंदरांवाटेच पसरणारा प्लेग 1896 मध्ये मुंबईतल्या मांडवीत फुटला आणि दोनच वर्षांत शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोगाचा संबंध घराच्या बांधणीशी असतो, हे सरकारला तेव्हाच मान्य करावं लागलं होतं.

झुरळांच्या बाबतीत दोघांनाही अंग झटकता येत नाही. नळी गळत असेल तर मालक जबाबदार, रात्रभर खरकटं पडून राहत असेल तर भाडेकरू.

सगळ्यात अवघड ढेकूण. तो बॅगेतून येतो, जुन्या पलंगातून येतो आणि भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो. काही न खाता तो महिनोन्‌महिने जगतो, त्यामुळे घर दोन महिने बंद होतं म्हणून ते स्वच्छ होतं असं होत नाही. चाळीत एकाच खोलीत फवारणी केली तर तो शेजारून परत येतो. सगळ्या खोल्या एकदम करून घेणं एकट्या भाडेकरूच्या हातात नसतं, ते मालकाच्या हातात असतं. माझ्या मते जबाबदारीची खरी कसोटी हीच : किडीच्या मुळापर्यंत कुणाचा हात पोचतो?

आता बहुतेक घरं 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिली जातात. असा राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, त्यामुळे कलम 14 वर त्याने विसंबू नये. त्याचा आधार म्हणजे करार. हा करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी करणं कलम 55 नुसार सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. त्यात दोन ओळी घाला : ताबा देण्यापूर्वी मालक कीडनियंत्रण करून पावती देईल. ताब्यानंतर 60 दिवसांत ढेकूण, वाळवी किंवा उंदीर आढळले तर खर्च मालकाचा, त्यानंतर राहणाऱ्याच्या अस्वच्छतेमुळे कीड झाली तर त्याचा. मुदत आपसांत कमीजास्त करा, पण लिहून ठेवा.

कीड दिसली की तारखेसह फोटो काढा आणि मालकाला लेखी कळवा. फोनवरचं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही. आणि चार पैसे वाचवायला धान्यातल्या विषारी गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरात कधीही वापरू नका. त्यातून निघणारा वायू शेजारच्या घरातही शिरतो आणि माणसं मारतो. फवारणी परवानाधारकाकडूनच करून घ्या.

मालकांना एवढंच सांगणं : वेळेवर केलेली फवारणी नवीन चौकटीपेक्षा स्वस्त पडते. आणि भाडेकरूंना : सही करण्याआधी मोरी, ओट्याखालचं कपाट आणि पलंगाच्या फटी टॉर्च लावून पाहा.