सायकल, डाख आणि चार हजार हर्ट्‌झ
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'माझे छंद' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. हाच विषय आमच्या घरी दिला असता तर सौभाग्यवतींनी एका वाक्यात संपवला असता: एक छंद गॅलरी अडवून उभा आहे आणि दुसऱ्याने जेवणाचं टेबल खाल्लंय.

सातपूरमध्ये वाढलेल्या माणसाला सायकल हा छंद असू शकतो हेच मुळी पटायला वेळ लागतो. आपल्या लहानपणी सायकल म्हणजे पाळी. भोंगा झाला की त्र्यंबक रोडवर काळ्या सायकलींची रांग लागायची, हॅण्डलला डब्याची पिशवी आणि पायात चिमटा. वडिलांची सायकल आपण सगळ्यांनी आधी 'कैची' मारून चालवली. वजन वीस किलोच्या आसपास, २८ इंची चाक, दांड्यांचे ब्रेक. गिअर नाही. पुढच्या चक्राला साधारण ४४ किंवा ४८ दात, मागे १८. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल पाच-सहा मीटर पुढे जाणार. सपाटीवर उत्तम, पण चढावर तेवढे मीटर एका फेऱ्यात ओढायला पायात बळ कुठून आणायचं? म्हणून आपले वडील चढ आला की उतरून चालायचे. त्यात दम कमी पडण्याचा प्रश्न नव्हता, दातांचा हिशोब होता.

माझ्या आत्ताच्या रोड बाइकला पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं आहेत, मागे सर्वांत मोठं ३४ चं. चौतीसला चौतीस लावलं की एका फेऱ्यात चाकही एकदाच फिरतं, सायकल जेमतेम दोन मीटर सरकते. वेग माणूस चालतो त्याच्या थोडा वर, पण नांदुरीहून सप्तशृंगी गडापर्यंतचा सुमारे दहा किलोमीटरचा घाट बसल्या जागी चढता येतो, सत्तावन्नाव्या वर्षीसुद्धा. लोक मला सायकलची किंमत विचारतात. ती मी सांगत नाही, घरीही सांगितलेली नाही. पण पैसे घालायचेच असतील तर हलक्या फ्रेमवर घालण्याआधी या मागच्या चक्रावर आणि चांगल्या टायरवर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी टायर जितका बारीक आणि हवा जितकी कडक तितका वेग, असं मानायचे. २३ मिलिमीटरच्या टायरवर पाठीची हाडं मोजून व्हायची. आता शर्यतीतले लोकही २८ वर आलेत आणि हवा कमी ठेवतात, कारण खडबडीत रस्त्यावर उडणारं चाक ताकद वाया घालवतं. आपल्या भागातले रस्ते पाहता हा शोध इथेच लागायला हवा होता.

नाशिकला सायकलचं नाव मिळालं ते आपल्या डॉक्टरांमुळे. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, नऊ दिवसांच्या आत. संघ म्हणून ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी नाशिकमध्येच असलेले लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने संपवली. मी त्यांच्या पंगतीतला नाही. माझी मजल ब्रेव्हेपर्यंत: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत. नंबर नसतो, बक्षीस नसतं. वेळेत परत आलात की झालं. पण रात्रीच्या प्रवासाला पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जाकीट हवंच, आणि दिव्यापाशी माझा पहिला छंद दुसऱ्याला भेटला.

तुम्हाला तो बाटलीसारखा डायनॅमो आठवत असेल, टायरला घासून कुरकुरणारा. सहा व्होल्ट, तीन वॅट. त्याच्यावर पिवळा मिणमिणता बल्ब लागायचा आणि सायकल थांबली की तोही विझायचा. आज त्याच तीन वॅटांत एलईडी रस्ता उजळून टाकतो. फक्त डायनॅमोची वीज उलटसुलट वाहते, ती डायोडच्या पुलाने एका दिशेला वळवावी लागते. साधे सिलिकॉनचे डायोड दोन मिळून जवळजवळ दीड व्होल्ट खातात. सहातले दीड गेले तर उरलं काय? शॉट्की डायोड त्याच्या निम्म्याहून कमी खातात. पुढे एक मोठा कपॅसिटर लावला की चौकात थांबल्यावरही दिवा काही मिनिटं जळत राहतो. असे दिवे मी बरेच केले, आणि त्यातले बहुतेक ओळखीच्या वॉचमन मंडळींच्या सायकलींवर आहेत. रात्रपाळीला सायकलने जाणारा माणूस सातपूर-अंबडमध्ये अजून आहे. गाडीवाल्याला तो दिसत नाही एवढंच.

डाख देणं मला शाळेत असतानाच लागलं. सोल्डरिंग म्हणा, पण आपल्या तांबट आळीतला शब्द डाखच. पहिला ॲम्प्लिफायर टीडीए २०३० या आयसीवर केला. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर पार्ट घ्यायचे, बारा-शून्य-बाराचा ट्रान्सफॉर्मर पिशवीत घेऊन रेल्वेने यायचं. गाणं लागण्याआधी त्यातून 'हंऽऽ' असा आवाज आला. विजेचे ५० हर्ट्‌झ डायोडमधून गेल्यावर १०० होतात, तेच ते गुणगुणणं. सगळ्या ग्राउंडच्या वायरी एकाच बिंदूला आणल्या आणि ते थांबलं. तेव्हा झालेला आनंद पुढे मोठमोठ्या स्पीकरांनी दिला नाही. एक हिशोब ध्यानात ठेवा, दुकानदार सांगणार नाही: दहा वॅटचा शंभर वॅट केला तर कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो.

आता कानाकडे येतो. माझ्या कानांत हे जे दिसतंय ते गाण्याचं नाही, श्रवणयंत्र आहे. मी पॉवर प्रेसच्या शॉपमध्ये एकवीस वर्षं काढली. कारखान्यांच्या नियमांत कोष्टक आहे: ९० डेसिबलला दिवसाचे आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर गोंगाट या कोष्टकात शिरलाय असं समजायला हरकत नाही. आणि आपण तर ओरडूनच बोलायचो, घरी आल्यावरसुद्धा.

अशा गोंगाटाने कान सगळा एकदम जात नाही. ऑडिओग्रामच्या आलेखात चार हजार हर्ट्‌झपाशी खड्डा पडतो. माझ्या आलेखात तो दोन्ही कानांना आहे. त्याची गंमत अशी की आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. 'स', 'श', 'त', 'थ' यांची धार वरच्या पट्टीत, ती गळते. मग नात 'आजोबा, साखर' म्हणते आणि मला 'आखर' ऐकू येतं. घरचे म्हणतात, टीव्ही मोठा करता पण आमचं ऐकत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींचं कारण एकच. तीस वर्षं ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या माणसाला याच्यावरचा उपाय म्हणून आवाज वाढवून मिळत नाही, कारण सगळंच वाढवलं की खालचं वरच्याला झाकतं. यंत्र फक्त हवी ती पट्टी उचलतं. त्याच्यावर हात ठेवला तर ते शिट्टी मारतं, गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर गेला की मारायचा तशीच. कारणही तेच.

सायकलवर वाऱ्याने यंत्र नुसतं घोंघावतं, मागचा ट्रक ऐकू येत नाही. म्हणून हॅण्डलला आरसा लावलाय. तरण्या पोरांना तो म्हातारचळ वाटतो. वाटू दे.

हे सगळं सांगण्याचं कारण समोरच बसलंय. आपल्या बॅचची निम्मी मुलं प्रेस, फोर्जिंग, ग्राइंडिंगमध्ये गेली. सकाळपासून मी पाहतोय, तिसऱ्या रांगेतले चौघं प्रत्येक वक्त्याला हात कानाला लावून 'काय?' म्हणतायत आणि शेजाऱ्याला विचारून मग हसतायत. मेलेला पेशीचा केस पुन्हा उगवत नाही, पण जे उरलंय ते राखता येतं.

मी एक डबा बनवून आणलाय. त्यात पाच स्वर आहेत, ५०० पासून ८००० हर्ट्‌झपर्यंत, आणि एक बंद हेडफोन. हे निदान नव्हे. चौथा स्वर, म्हणजे चार हजारचा, नीट ऐकू आला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओग्राम काढायचा, एवढीच त्याची मर्यादा. पंख्याचा आवाज नको म्हणून संयोजकांनी कोपऱ्यातला वर्ग दिलाय. जेवण झालं की तिथे या. ज्यांनी शॉपमध्ये दहा वर्षांहून जास्त काढली त्यांनी आधी यावं, आणि बरोबर घरचं माणूस आणावं. हेडफोन एकच आहे, तेव्हा रांग लागेल.