कापसाच्या मुलखात पॉलिएस्टर
(खानदेशातील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



पर्यावरणाला मानवणारे कपडे हा विषय निघाला, की तो पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू मंडळींचा छंद आहे असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. त्यात तथ्य आहे. हजारो रुपयांचा ‘सेंद्रिय’ कुर्ता घालून कोणी पृथ्वी वाचवू लागला, तर त्याची थट्टा होणारच. परंतु थट्टेने प्रश्न सुटत नाही.

जळगाव-धुळ्याच्या शिवारात कापूस वेचणारी बाई पाहा. ओटीत कापूस आणि अंगावर पॉलिएस्टरची साडी! ती तिने फॅशनपायी घेतलेली नाही. ती स्वस्त मिळते, लवकर वाळते, पुष्कळ टिकते. एके काळी टेरिलीन ही साहेबी चैन होती. आज कृत्रिम धागा गरिबाची सक्ती झाला आहे आणि तलम सुती वस्त्र श्रीमंताची चैन. हा धागा खनिज तेलातून येतो, धुताना त्याचे सूक्ष्म कण पाण्यात जातात. जुन्या लुगड्याची गोधडी होई, गोधडीचे पोतेरे, पोतेऱ्याची माती. पॉलिएस्टरची माती होत नाही.

१९३६ साली याच खानदेशात, फैजपूरला, काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या वस्तूंनी ते नगर सजवले; खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही होते. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. खादी भांडारातच ‘पॉलीवस्त्र’ या नावाने पॉलिएस्टरमिश्रित कापड विकले जाते, हे मात्र सांगत नाही.

अर्थात, सुती म्हणजे निर्दोष असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. शेतकरी दरवर्षी बियाणे विकत घेऊ लागला, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात पीक पोखरले ते पोखरलेच. जळगावच्या कापूस संशोधन केंद्राने ‘वाय-१’, ‘जेएलए-७९४’ यांसारखे देशी वाण दिले आहेत. देशी कापूस कोरडवाहू रानात तग धरतो, रस शोषणाऱ्या किडींना सहजी बळी पडत नाही. पण त्याचा धागा आखूड, आणि इंग्रजांच्या काळापासून गिरणीला लांब धागा हवा. यंत्राच्या सोयीसाठी पीक बदलले गेले. पिकाच्या सोयीसाठी यंत्र बदलावे असे फारसे कोणाला सुचले नाही.

आखूड धाग्याचे जाडेभरडे कापड उत्तम होते. शाळांच्या मोफत गणवेशांवर सरकार दरवर्षी खर्च करते. त्यातील चड्ड्यांचे जाड कापड देशी कापसाचे का नसावे? ते विणायला धुळे-मालेगावचे यंत्रमाग आहेत. शाळा व्यवस्थापन समित्यांत आपली माणसे आहेत. गणवेशात पॉलिएस्टर किती, हे त्यांनी येत्या बैठकीत विचारावे. आणि देशी कापसाच्या खात्रीच्या खरेदीची मागणी पेरणीआधी करावी, वेचणीनंतर नव्हे.