आकाशांतील मोजणीदार

जमिनीची मोजणी म्हटली, कीं आपल्या डोळ्यांपुढें सांखळी, झेंडे, हद्दीचे दगड आणि बांधावर उभे राहून भांडणारे दोन भाऊबंद येतात. आज ज्या मोजणीदाराविषयीं मी बोलणार आहें, त्याला या कशाचीच गरज नाहीं. तो ७०५ किलोमीटर उंचीवरून जातो, आणि बांधावरचें भांडण त्याच्या कानांवर येत नाहीं.

अमेरिकेनें १९७२ च्या जुलै महिन्यांत लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला. भूमीचीं चित्रें घेण्याचें तें काम तेव्हांपासून चालूच आहे. भारतानेंहि १९८८ सालीं आय. आर. एस. – १ए हा उपग्रह पाठवून या कामांत पाऊल टाकलें.

श्रोतेहो, हा उपग्रह आपल्यासारखें पाहत नाहीं. हिरवें पान तांबडा प्रकाश गिळून टाकतें. परंतु तांबड्याच्या पलीकडील जे किरण आपणांस दिसत नाहींत, ते तें भरपूर परतवतें. पाणी हेच किरण जवळ जवळ सगळे शोषून घेतें. उघड्या मातीची तऱ्हा आणखी निराळी. लँडसॅटच्या चित्रांतील एकेक ठिपका तीस मीटर लांब व तितक्याच रुंद तुकड्याचा, म्हणजे सुमारें नऊ गुंठ्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्यावरून कोणते किरण किती परतले तें पाहून येथें झाड, येथें पाणी, येथें उघडी जमीन असें ठरवितात, आणि जुन्या चित्राशीं नवें ताडून पाहतात.

हें वाटतें तितकें सोपें मात्र नाहीं. विदर्भांतील सागाचें रान ऐन उन्हाळ्यांत पाहिलें, तर तें तोडलें कीं काय असा भास व्हावा. पानें झडलेलीं असतात, इतकेंच. म्हणून दोन्ही चित्रें एकाच ऋतूंतलीं घ्यावीं लागतात. शिवाय जमिनीवर काय आहे तें उपग्रह सांगेल. तिचा उपयोग काय चालला आहे, तें बहुधा माणसानेंच ताडावें लागतें. चित्रांत गवत दिसलें. पण तें गुरांचें कुरण, क्रिकेटचें मैदान, कीं घरें उठण्याची वाट पाहणारा बिगरशेती भूखंड? तेथें जाऊन पाहिल्यावांचून पुष्कळदां खात्री होत नाहीं.

या मोजणीचें खरें मोल पाहावयाचें तर ब्राझीलकडे वळावें. त्या देशाच्या पश्चिमेस रोंडोनिया नांवाचा अरण्यप्रदेश आहे. १९८४ च्या सुमारास तेथील मोठा रस्ता पक्का झाला आणि वसाहतवाल्यांची रीघ लागली. मुख्य रस्त्यापासून काटकोनांत फांटे फुटले, आणि प्रत्येक फांट्याच्या दोहों बाजूंस झाडें पडूं लागलीं. वरून ती आकृति थेट माशाच्या कांट्यासारखी दिसते. (मत्स्याहार वर्ज्य असणाऱ्यांनीं फणीची कल्पना करावी.) पुढें पुढें कांट्यांमधील हिरवी जागाहि नाहींशी झाली. तेथें बहुतेक गुरांचीं कुरणें आहेत.

ब्राझीलची इन्पे ही अंतराळ-संशोधन संस्था १९८८ पासून प्रोडेस नांवाच्या योजनेनें ॲमेझॉनच्या अरण्याचा दरसाल हिशोब ठेवते. २००४ सालीं तेथील २७,७७२ चौरस किलोमीटर अरण्य तोडलें गेलें. साडेसात गोवे मावतील एवढी ही जागा! त्याच वर्षीं संस्थेनें डेटर ही दुसरी योजना सुरू केली. तिचें काम तोड चालू असतांनाच इशारा देण्याचें. या कामीं पुढें आपल्या भारताच्या रिसोर्ससॅट मालिकेचीं चित्रेंहि वापरण्यांत आलीं. इशारा मिळतांच सरकारी अधिकारी त्या जागीं पोंचूं लागले, नवीं राखीव अरण्यें जाहीर झालीं, आणि २०१२ सालीं तोड ४,५७१ चौरस किलोमीटरांवर आली. हें सारें श्रेय उपग्रहाला देणें भाबडेपणाचें होईल. कुऱ्हाड हिसकावून घेण्यास हात लागतात. परंतु हात कोठें पाठवावयाचे, तें त्यानेंच सांगितलें.

२०१९ च्या जुलैमध्यें डेटरचे इशारे एकाएकीं वाढले. तेव्हांचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनीं ते आंकडे खोटे ठरविले. इन्पेचे संचालक, पदार्थविज्ञानाचे पंडित रिकार्दो गाल्वाओ यांनीं त्यांना उघड उत्तर दिलें, आणि ऑगस्टच्या आरंभीं त्यांचें पद गेलें. एवढें खरें, कीं डेटर हें इशाऱ्याचें साधन आहे, मोजपट्टी नव्हे. ढगांआड झालेली तोड त्याला त्या महिन्यांत न दिसतां पुढच्या महिन्यांत दिसूं शकते. महिन्याची महिन्याशीं तुलना सावधपणेंच करावी. पण मोजपट्टीचें काम करणारी प्रोडेस होतीच, आणि तिचा हिशोब कोणासहि पाहतां येतो. ऑगस्ट ते जुलै असें तिचें वर्ष असतें. २०१८ चा आंकडा ७,५३६ चौरस किलोमीटर होता; २०१९ चा निघाला १०,१२९.