जुन्या रस्त्यांचे फोटो शोधताना
भेंडी बाजारातल्या जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. जुना रस्ता उद्या कोण दाखवणार?

विकिमीडिया कॉमन्सवर शोधा. पण ‘बॉम्बे’, ‘पूना’ अशी जुनी नावंही टाका. कितीतरी जुन्या फोटोंच्या नोंदी त्याच नावांनी आहेत.

साल नसेल तर रस्ता बघा. मुंबईत विजेची ट्राम १९०७ला आली, १९६४ला बंद झाली. ती दिसली, तर फोटो त्याच काळातला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एवढं नक्की सांगतो, कॉम्प्युटर नोंदलेलंच शोधतो. आपल्या गल्ल्या दादी-नानीच्या अल्बममध्ये आहेत. ते फोटो स्कॅन करा. कोण, कुठे, कधी, हे त्यांनाच विचारून लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे जमेल.