संपादक बेहरामजी मलबारी
(बोर्डी येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



बोर्डीत मराठी व गुजराती या दोन्ही भाषा कानी पडतात. त्यामुळे एका गुजराती भाषक पारशी संपादकाविषयी येथे बोलताना परकेपणा वाटत नाही. बेहरामजी मलबारी यांचा जन्म १८५३ साली बडोद्यास झाला; बालपण सुरतेस, दारिद्र्यात गेले. १८८० च्या सुमारास मुंबईचे 'इंडियन स्पेक्टेटर' हे इंग्रजी साप्ताहिक त्यांच्या हाती आले.

१८८४ साली त्यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर दोन टिपणे लिहिली आणि ती देशभरच्या अधिकाऱ्यांकडे, विद्वानांकडे व समाजधुरीणांकडे अभिप्रायार्थ पाठविली. विरोधी अभिप्राय पुष्कळ आले. तेही त्यांनी प्रसिद्ध केले. प्रतिकूल पत्र फाइलीत दडविण्याचा मोह कोणास होत नाही? आम्हा माहिती खात्यातील मंडळींना तर तो विशेषच होतो!

१८८६ साली सरकारने कायदा करण्यास नकार दिला. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकाच्या लेखमालेने खळबळ उडून तेथील मुलींचे संमतिवय १३ वरून १६ झाले होते. हिंदुस्थानात विवाहित मुलीसाठीदेखील ते अवघे १० होते. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी दासी ही सुमारे ११ वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीने मरण पावली. वय दहाहून अधिक, म्हणून बलात्काराचे कलम लागू झाले नाही. त्याच वर्षी मलबारींनी इंग्लंडला जाऊन लोकमत जागृत केले. मार्च १८९१ मध्ये संमतिवय १२ झाले.

परक्या सरकारने आमच्या समाजव्यवहारात हात घालू नये, या भूमिकेतून लोकमान्य टिळकांनी विरोध केला. आगरकरांचा 'सुधारक' कायद्याच्या बाजूने उभा राहिला. पारशी गृहस्थास हिंदूंच्या घरात डोकावण्याचा अधिकार काय, असेही विचारले गेले. तो प्रश्न अगदीच गैरवाजवी होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्याचे उत्तर सापडेपर्यंत त्या मुलींनी थांबावे कसे?

१९०८ साली मलबारींनी दयाराम गिडुमल यांच्यासह मुंबईत सेवासदन स्थापिले. १९१२ साली सिमल्यास त्यांचे निधन झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय १४ केले, १९७८ साली ते १८ झाले. २००६ च्या कायद्यान्वये महाराष्ट्राने ग्रामसेवकास बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमले. पण लग्नाची वार्ता त्याच्या कानी जाण्यापूर्वीच मुलगी शाळेत येईनाशी झालेली असते, आणि ती गैरहजेरी प्रथम उमटते आपणा शिक्षकांच्या हजेरीपटावर.